वारस नोंद

तात्या २०१४ च्या फेब्रुवारीत गेले. दिवसकार्य उरकल्यावर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला आणि सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव लागलं. मी एकुलती एक. तात्यांनी १९९८ मध्ये लावलेला दिवाणी दावा तेव्हा चालूच होता. वादी वारला की त्याचे वारस दाव्यात रेकॉर्डवर घ्यावे लागतात, नव्वद दिवसांत अर्ज दिला नाही तर दावाच पडतो, असं वकिलांनी बजावलं होतं. म्हणून तिथंही तात्यांच्या जागी माझं नाव आलं. रान आलं, दावा आला, आणि कागदांनी फुगलेली तात्यांची काळी रेक्झिनची पिशवी आली. या सगळ्याबरोबर तात्यांचा रागही माझ्या नावावर चढला, हे कळायला मला पुढची आठ वर्षं लागली.

आमचं गाव खटाव तालुक्यात, दुष्काळी पट्ट्यातलं. आजोबांच्या मागं तात्या आणि त्यांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, यांनी तोंडी वाटणी केली. ओढ्याकडेचा मळा, सव्वादोन एकर, त्यात विहीर, तो तात्यांकडे. वरचं माळाचं रान, तीन एकरांच्या वर पण मुरमाड, ते आबांकडे. आबांनी स्वतःहून माळ मागून घेतला होता, त्यांना मेंढरं पाळायची होती. पुढं सत्तरच्या दशकात गावात एकत्रीकरण योजना आली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखालची ती योजना. सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले आणि कागदावर आमची अदलाबदल झाली. मळ्याच्या गटावर आबांचं नाव पडलं, माळाच्या गटावर तात्यांचं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. जो जे रान कसत होता तो ते कसत राहिला. महाराष्ट्रात अशी किती घरं आहेत ते कुठल्याही तहसील कचेरीबाहेरच्या झाडाखाली अर्धा तास बसलं तरी कळतं.

१९९७ साली तात्यांना विहिरीवरून पाइपलाइन करायची होती. कर्जासाठी सातबारा काढला तेव्हा घोळ उघड झाला. आबा म्हणाले, "करू की दुरुस्त, घाई काय." आबांचा मुलगा अण्णा, माझा सख्खा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तो काहीच बोलला नाही. चार महिन्यांनी कळलं की त्यानं मळ्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचं कर्ज उचललंय. तात्यांनी जाब विचारला तर म्हणाला, "नाव आमचं, तर रानही आमचंच."

तिथून जे सुरू झालं ते भावकीत होतं तसंच झालं. दावा, मनाई अर्ज, शांतताभंगाची चॅप्टर केस, दोन्हीकडून जामीन. मळ्याकडे जाणारी गाडीवाट अण्णाच्या बांधावरून जायची. तिथं त्यानं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. तात्या तेव्हा बासष्टीचे. ओढ्यातून वळसा घालून, खताची पाटी डोक्यावर घेऊन जाताना मी त्यांना पाहिलंय. ओढ्याच्या चढाला त्यांचा पाय घसरला, पाटी सांडली आणि ते खाली बसून ओंजळीनं शेणखत परत भरायला लागले. मी धावले तर म्हणाले, "राहू दे, तुझी साडी चांगली आहे."

हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून कधी हललं नाही.

आणि दुसरी गोष्ट सुतकाची. तात्या गेले तेव्हा अण्णाच्या घरचं कुणी आलं नाही. सख्ख्या चुलत्याला खांदा द्यायलाही नाही. तिरडी त्यांच्याच दारावरून गेली. सहाव्या दिवशी त्यांच्या अंगणात मांडव दिसला, अण्णाच्या मुलीचा साखरपुडा होता. इकडं आमच्या घरात चूल पेटत नव्हती, शेजारची माणसं पिठलंभाकरी आणून देत होती आणि तिकडून वाजंत्रीचा आवाज येत होता. दहा दिवसांचं सुतक त्यांनाही होतं. आई भिंतीला टेकून बसली होती, तिनं फक्त पदर कानावर ओढून घेतला.

रागाचं म्हणतात की तो डोक्यात जातो. माझा दातात गेला. २०१८ च्या सुमारास उजव्या बाजूच्या दाढा दुखायला लागल्या. दंतवैद्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही झोपेत दात खाता. दोन दाढा पार झिजल्यात." रात्री घालायला त्यांनी पारदर्शक प्लास्टिकचं कवच करून दिलं. घरी आमचे हे म्हणाले, "वर्षानुवर्षं ऐकतोय मी तो आवाज, कडकड कडकड. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." पहाटे तीनला जाग यायची आणि मनात कोर्ट भरायचं. मी उलटतपासणी घ्यायचे, अण्णा निरुत्तर व्हायचा. एकेक वाक्य घासूनपुसून लख्ख केलेलं. दिवसा शाळेत दुसरीच्या मुलांना हातचा समजावून सांगताना मध्येच ओढ्याचा चढ आठवायचा आणि खडू मोडायचा.

मी काही केलं नाही असं नाही. साताऱ्यात ध्यानाच्या वर्गाला गेले, सहा महिने न चुकता. श्वास मोजला, डोळे मिटून अण्णाचा चेहरा आणून ‘मी तुला माफ केलं’ असं मनात म्हटलं. वर्गात बरं वाटायचं, घरी आलं की पुन्हा तेच. त्या वर्गाचा काही दोष नाही, कित्येकांना त्यानं खरंच आधार दिला. पण माझ्या बाबतीत एक गाठ होती आणि ती तिथं कुणी विचारली नाही, मलाही माहीत नव्हती. अण्णाला माफ करायची वेळ आली की मनातून तात्या उठून उभे राहायचे. पाटी डोक्यावर घेऊन. मी राग सोडला तर त्यांच्या बाजूनं उभं राहायला कोण उरणार? सोळा वर्षं माणूस तारखांना गेला, एसटीनं, भाकरी बांधून, आणि निकाल न बघता गेला. त्याची लेक म्हणते, जाऊ दे, झालं गेलं? मला ते शांत होणं वाटत नव्हतं, दगा वाटत होता.

२०२२ च्या मे महिन्यात पुण्यात एका नातलगाचं लग्न होतं. पंगत वाढत असताना एक हसरी मुलगी आमच्याकडे आली. "आत्या, ओळखलं का?" अण्णाची धाकटी. मी काही बोलायच्या आत माझी मुलगी खुर्चीवरून उठली आणि तिच्याकडे न बघता निघून गेली. ती पोर तशीच उभी राहिली, हातात पाण्याचा जग. परत येताना गाडीत मी मुलीला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "मी त्या लोकांशी बोलत नसते. तात्यांना त्यांनीच मारलं."

तिनं तो मळा आयुष्यात दोनदा पाहिला असेल. बाभळीच्या फांद्या पाहिलेल्या नाहीत. तात्या हृदयविकारानं गेले, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, झोपेत. पण ते वाक्य तिचं नव्हतंच. स्वयंपाकघरात फोडणी देताना आईशी फोनवर बोलताना मी ते किती वेळा म्हटलंय, आणि ती ओट्याशेजारी बसून अभ्यास करत असायची. शब्द माझे होते, ‘त्या लोकांशी’ म्हणताना हनुवटी वर करण्याची लकब तात्यांची होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पुढची वारस नोंद मीच करून ठेवली होती, अर्ज न देता.

त्या उन्हाळ्यात मी एक शंभर पानी वही घेतली. शिक्षिकेचा स्वभाव, कागदावर मांडल्याशिवाय मला काही सुचत नाही. अण्णाच्या घरानं आमचं काय काय केलं ते एकाखाली एक लिहिलं. अकरा गोष्टी झाल्या. मग समोर दोन रकाने आखले, ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’. ‘पाहिलं’च्या रकान्यात तीन खुणा आल्या. बाभळीच्या फांद्या, तिरडीला न येणं, मांडव. कर्जाचं मी तात्यांकडून ऐकलं होतं, पण फेरफाराची नक्कल पिशवीत होती, म्हणून तीही पक्की धरली. उरलेल्या सातांमध्ये, विहिरीत दगड टाकले, करणी केली, वकील फोडला, लिंबाची फांदी तोडली, असं सगळं होतं. ते मला कुणी सांगितलं तेही आठवेना. तरी पहाटे तीनच्या कोर्टात ते सातही मुद्दे मी तितक्याच जोरात मांडत होते.

त्या सातांवर मी रेघ मारली. चारांचा राग तसाच राहिला, पण निदान तो चारांचा राहिला.

मग पिशवी उपसली. खरं सांगायचं तर मी परवानगी शोधत होते. तात्यांच्या तारखांच्या डायऱ्या होत्या, दर वर्षाची एक. वाटलं, कुठं तरी, एखाद्या पानावर, ‘मिटवावं’ असं लिहिलेलं सापडेल. रात्री अकरापर्यंत बसून सोळा डायऱ्या वाचल्या. पुढील तारीख, वकील फी, एसटी भाडं, पाऊस किती, विहिरीला पाणी किती. दुसरं काही नव्हतं. तात्यांनी मला परवानगी ठेवली नव्हती.

२०२३ च्या जानेवारीत राज्य सरकारनं ‘सलोखा’ योजनेचा निर्णय काढला. आमच्यासारख्यांसाठीच. एकाचं रान दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या, असं किमान बारा वर्षं असेल आणि दोघं राजी असतील तर अदलाबदलीचा दस्त करता येतो. मुद्रांक शुल्क एक हजार, नोंदणी फी एक हजार. क्षेत्रात फरक असला तरी चालतं. एरवी अशा दस्ताला बाजारभावावर खरेदीखतासारखं शुल्क पडतं आणि तिथंच निम्मे लोक मागं फिरतात. गावात ग्रामसभेत ते वाचून दाखवलं. चार दिवसांनी माजी सरपंचांचा फोन आला, "अण्णा म्हणतोय, मिटवू. तू काय म्हणतेस?"

मी नाही म्हटलं, आणि लगेच. फोन ठेवल्यावर हात थरथरत होता. इतकी वर्षं मनात त्याला हरवत आले होते, आणि तो न हरताच मिटवायचं म्हणत होता. दोन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी मीच फोन केला. म्हटलं, "भेटते. पण आधी मला त्याला एक विचारायचंय."

आमच्या जुन्या घराच्या सोप्यात बसलो. आई, मी, माजी सरपंच आणि अण्णा. पंचवीस वर्षांनी तो त्या उंबऱ्याच्या आत आला होता. म्हातारा झाला होता, हाताला कंप होता. मी त्याला कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं, आताही म्हणवेना. सरळ विचारलं, "अण्णा, सुतकात मांडव का घातलास?"

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "पाहुणं ऐकंनात, माई. तारीख धरल्याली. पोरीचं मोडलं असतं." थोडं थांबून म्हणाला, "तिरडी निघाली तवा मी गोठ्यात हुतो. दाराला धरून उभा राह्यलो. भाईर यायला पाय न्हाई उचलला."

चुकलं, असं तो म्हणाला नाही. मी वाट बघितली. नाहीच म्हणाला. उलट मान वर करून त्यानं मला विचारलं, "आता मी एक इचारू? दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात तात्यांनी पेटीला कुलूप का घातलं?"

मला काही कळेना. त्यानं सांगितलं. सलग दुष्काळाची वर्षं होती ती, टँकर सुरू होते, जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. आबा जाऊन दोन वर्षं झाली होती. काकू, म्हणजे अण्णाची आई, कळशी घेऊन आमच्या विहिरीवर आली. घरची दोन बैलं आणि तिची माहेराहून आलेली गाय, त्यांना पाजायला पाणी हवं होतं. तात्यांनी मोटारीच्या स्टार्टर पेटीला कुलूप घातलं आणि विहिरीच्या पायऱ्यांवर काटे लावले. "हिरीत दोन परस पाणी हुतं," अण्णा म्हणाला. परस म्हणजे माणूसभर खोली. "दोन परस. आईनं गाय बाजारात न्हेली. कसायाच्या दावणीला बांधून आली ती, आठ दिस जेवली न्हाई."

मी म्हटलं, "तात्या असं करणार नाहीत." तसंच म्हटलं, भविष्यकाळात, जणू ते आत खोलीत बसले होते. आणि आईकडे बघितलं.

आई बराच वेळ बोलली नाही. वातीला कापूस वळत होती, तो वळत राहिली. मग म्हणाली, "किल्ली माझ्याकडंच असायची."

त्या रात्री मी २००३ ची डायरी पुन्हा काढली. मे महिना कोर्टाला सुट्टी, म्हणून पानं बहुतेक कोरी. पण दर सोमवारी तात्यांच्या बारीक अक्षरात पाण्याची नोंद होती. ‘विहीर २ परस.’ पुढच्या सोमवारी, ‘विहीर २ परस.’ मी आधीही ते पान वाचलं होतं, त्यात काय लिहिलंय ते मला दिसलं नव्हतं.

नंतरचा महिना माझ्या आयुष्यातला फार वाईट गेला. राग कुठं गेला नव्हता, त्यानं तोंड फिरवलं होतं. मला तात्यांचा राग आला. ज्या माणसासाठी मी दात झिजवले त्यानं तहानलेल्या गाईपुढं कुलूप घातलं आणि ते मला कधी सांगितलं नाही. फोटोला हार घालताना हात अडखळायचा. आईशी दहा दिवस नीट बोलले नाही. ती एकदाच म्हणाली, "त्यांनाही झोप नव्हती लागत त्या उन्हाळ्यात. उठून विहिरीवर जायचे, बॅटरी घेऊन. मी किल्ली पुढं केली एकदा. घेतली नाही." बस, एवढंच. तात्यांचं समर्थन तिनं केलं नाही, स्वतःचंही नाही.

कुठल्या दिवशी काय झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. एका पहाटे तीनला जाग आली. नेहमीचं कोर्ट भरलं आणि मला दिसलं की आरोपीच्या जागी कुणीच नाही. बासष्टीचा एक माणूस ओढ्यात शेणखत भरतोय, गोठ्याच्या दाराला धरून एक माणूस उभा आहे, एक बाई गाय घेऊन बाजाराला चाललीय, एक बाई कनवटीला किल्ली खोचून बसलीय. कुणाचा गुन्हा कुणाच्या गुन्ह्यानं फिटत नव्हता. फांद्या खऱ्या होत्या, कुलूपही खरं होतं. पण उलटतपासणीचे प्रश्न मला आठवेनात. इतकी वर्षं पाठ केलेले. मी उठून चहा केला. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, भूक लागलीय."

तडजोडीला होकार कळवला. वकिलांच्या सल्ल्यानं आधी दावा मिटवायचं ठरलं. सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण ठेवलं, दोघांनी तडजोडीवर सह्या केल्या. लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पंचवीस वर्षांचा दावा वीस मिनिटांत संपला.

मी एक अट घातली होती. मळ्याची गाडीवाट, आठ फुटांची, दस्तात लिहायची. माजी सरपंच म्हणाले, "आता मनं जुळली, कागदाला कशाला?" मी ऐकलं नाही. राग सोडणं म्हणजे बावळटासारखं सगळं सोडून देणं, असं आपल्याकडे विशेषतः बायकांना शिकवतात. माहेरचं कशाला ताणतेस, हक्कसोड करून मोकळी हो, म्हणतात. मला ते मान्य नाही. वाट लिहून घेतली म्हणून तर मला निर्धास्तपणे त्याच्याशी बोलता येतं. अण्णानंही खळखळ केली नाही.

पंचनाम्याचा दिवस मात्र मी विसरणार नाही. मंडळ अधिकारी आणि तलाठी आले. शेजारच्या गटांचे चतुःसीमाधारक आले, त्यांच्याही सह्या लागतात. ऑगस्ट पूर्ण कोरडा गेल्यानं मळ्यातली ढेकळं पायाला टोचत होती, ओढा आटलेला. तलाठ्यांनी अण्णाला विचारलं, "हे रान प्रत्यक्ष कोण कसतं?"

अण्णा म्हणाला, "हिचं वडील कसायचं. आजोबा गेल्यापासनं. मळा त्यांचाच."

तलाठ्यांनी मान न वर करता बॉलपेननं ते लिहून घेतलं. बांधावर बसलेली दोन माणसं तंबाखू मळत होती. लिंबावर कावळा ओरडत होता. हे एवढं वाक्य ऐकायला तात्या सोळा वर्षं एसटीनं गेले होते, आणि ते असं, मळ्यातच, पाचसहा माणसांत, साध्या आवाजात बोललं गेलं. माझ्या पायातलं बळ गेलं. मी बांधावर बसले आणि रडले. मोठ्यानं. कुणी थांबवलं नाही. मग तलाठ्यांनी मला विचारलं, "माळाचं रान कोण कसतं?" मी डोळे पुसून म्हटलं, "अण्णा. त्याच्या आधी आबा. ते त्यांचंच आहे." माझं वाक्य संपल्यावर अण्णानं टोपी काढून तोंडावरून फिरवली. त्यालाही ते ऐकायचं होतं, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

दिवाळीच्या आधी दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त झाला. आईचं नाव सातबाऱ्यावर, त्यामुळं तिलाही यावं लागलं, एक्क्याऐंशी वर्षांची. अंगठा यंत्रावर उमटेना, बोटं घासून गुळगुळीत झालेली. अण्णानं रुमाल ओला करून आणला, तिचा अंगठा पुसला, पुन्हा टेकवला. तिसऱ्या वेळी उमटला. पुढं फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, हरकत कुणाची नाही, नोंद मंजूर.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. दिवाळीत वहिनी कुणापाशी म्हणाली, "शेवटी विहिरीचं रान घेतलंच तिनं." ते माझ्या कानावर आलं. त्या रात्री दाढा आवळल्या गेल्या, मला जाणवलं. तीनला जाग आली. मी वही काढली, लिहिलं आणि ‘ऐकलं’च्या रकान्यात खूण केली. सकाळी भाजी निवडताना ते आठवलं तेव्हा टोचलं, दुपारपर्यंत बोथट झालं. पूर्वी असं एक वाक्य मला वर्षभर पुरायचं. कवच अजून उशाशी असतं, रोज घालावं लागत नाही.

मुलीला मी सगळं सांगितलं, कुलपासकट. ती खूप वेळ गप्प होती. मग विचारलं, "मग तात्या वाईट होते का?" म्हटलं, "नाही. तहानलेल्या गाईला त्यांनी पाणी दिलं नाही, आणि माझी साडी खराब होऊ नये म्हणून एकट्यानं खत भरलं. दोन्ही त्यांनीच केलं." तिनं अण्णाच्या धाकटीचा नंबर मागून घेतला. फोन केला की नाही, ते मी विचारलं नाही.

२०२४ चा उन्हाळा पुन्हा कडक गेला. मार्चमध्ये मी गावी गेले तेव्हा मळ्यात वाटेकरी ज्वारीची कणसं खुडत होता. विहिरीवर गेले. स्टार्टरची पेटी उघडी होती, कुलूप काढलेलं. किल्ली आईनं पेटीच्या वरच्या खिळ्याला सुतळीनं बांधून ठेवली होती. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. आई म्हणाली, "अण्णाचा नातू येतो बाराच्या पुढं, जनावरांची टाकी भरून घेतो. मला उठावं लागत नाही." त्या रात्री मी माहेरच्या सोप्यात झोपले होते. मोटार चालू झाल्याचा आवाज आला, मग पाइपातून पाणी धडधडत वर चढल्याचा. मी कूस बदलली.